पोलंडचा यान पासेक: निसर्ग अभ्यासक की नुसताच प्राणी पाळणारा सरदार?

माजघर

राम राम मंडळी.

नोकरीनिमित्त क्राकोवला असतो. एका दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय, आणि संपादकांनी लेख वाचायच्या आधीच शीर्षक ठरवून टाकलंय: 'पोलंडचा निसर्गवेडा सरदार'. माझं घोडं तिथंच अडलंय.

माणूस कोण ते आधी सांगतो. यान ख्रिझोस्तोम पासेक, जन्म साधारण १६३६, मृत्यू १७०१. रावा शहराजवळच्या वेंगझिनोवित्से गावचा. जहागीर बेताची, खानदानाचा ताठा भरपूर. जेझुइट या कॅथलिक संन्यासी पंथाच्या शाळेत लॅटिन शिकला आणि मिसरूड फुटताच सैन्यात गेला. तेव्हा स्वीडननं पोलंड जवळजवळ गिळला होता. सेनापती चार्न्येत्स्कीच्या हाताखाली तो लढला, १६५८ मध्ये डेन्मार्कपर्यंत गेला, १६६० मध्ये मॉस्कोच्या फौजांशी भिडला. १६६७ मध्ये लग्न केलं आणि क्राकोवच्या आसपासची गावं मक्त्यानं घेऊन शेती करू लागला. धान्य विस्तुला नदीतून होड्यांनी ग्दान्स्कच्या बाजारात पाठवायचा. म्हातारपणी आठवणी लिहून काढल्या. त्यात १६५६ ते १६८८ पर्यंतचा काळ येतो. सुरुवातीची पानं गहाळ आहेत. त्या छापून आल्या थेट १८३६ मध्ये, पोझनानला.

या आठवणींतला सगळ्यात गाजलेला भाग त्यानं पाळलेल्या पाणमांजराचा. शिवाय त्याच्याकडे कोल्हा, बिज्जू, ससे, डोमकावळे, ससाणे असा गोतावळा होता. म्हणून त्याला निसर्ग अभ्यासक म्हणायचं? माझं मन धजत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

प्रकाश नंतर. आधी पाणमांजर.

रानभूल

+१. पाणमांजराची गोष्ट पूर्ण सांगितल्याशिवाय धागाकर्त्याला इथून हलू देऊ नये.

माजघर

बरं, सांगतो.

पाणमांजराचं नाव रोबाक, म्हणजे किडा. रात्री ते पासेकच्या बिछान्यात झोपायचं. म्हणजे झोपायचं कसलं, पहारा द्यायचं. नोकरसुद्धा पलंगाजवळ आला तर असं किंचाळायचं की मेलेला उठावा. पासेक दारू पिऊन पडलेला असला तर छातीवर नाचून नाचून त्याला जागं करायचं. दिवसा मात्र असं गाढ झोपायचं की उचलून कुठंही न्या, डोळा उघडणार नाही. कच्चा मासा, कच्चं मांस तोंडाला लावायचं नाही. कोंबडीचं पिल्लू किंवा कबुतर उकडून दिलं तरी त्यात पार्सली, म्हणजे कोथिंबिरीसारखा पाला, हवी, नाहीतर ताटाकडे बघणार नाही. कुणी पासेकचा कपडा नुसता ओढला तरी धावून जायचं. कुत्री त्याला टरकून असत. एका कुत्र्याशी तेवढी दोस्ती होती.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात प्रवासाला निघालं की पासेक त्याला बरोबर घ्यायचा. वाटेत तळं किंवा नदी दिसली की खाली उतरायचं आणि हाळी द्यायची. रोबाक पाण्यात शिरून एकामागून एक मासे आणून टाकायचं, सगळ्या लवाजम्याला पुरतील इतके. मधूनच एखादा बेडूकही आणायचं.

ही कीर्ती राजा यान सोब्येस्कीच्या कानावर गेली आणि त्यानं माणूस पाठवून ते मागितलं. पासेकच्या पोटात कालवलं, पण राजाला नाही कोण म्हणणार? पैसे घेतले नाहीत, भेट म्हणून दिलं. पिंजऱ्यात घालताना ते ओरडत होतं आणि पासेकला ते बघवेना. राजाकडून बदल्यात साजासकट दोन तुर्की घोडे आले.

तिकडं ते सुरुवातीला वाळलं, मग राजाला लळा लागला. पाण्याच्या भांड्यात जिवंत मासे सोडून राजा खेळ बघायचा. म्हणाला, यापुढे यानं धरलेलेच मासे खाईन. पण एका रात्री ते बाहेर भटकायला निसटलं. एका ड्रॅगून, म्हणजे घोडदळातल्या, शिपायाला ते दिसलं, पाळीव की जंगली हे त्याला काय ठाऊक, त्यानं परशूनं मारलं आणि कातडं विकून मोकळा झाला.

कोल्हापुरी_रस्सा

अरेरे. घोडे परत दिले का पासेकनं?

माजघर

घोडे परत द्यायला तो काय वेडा होता? :)

तळ्याकाठी

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. पार्सलीवर जी मंडळी हसत असतील त्यांच्यासाठी थोडं लिहिते.

युरोपातलं पाणमांजर एकट्यानं राहतं आणि मुख्यतः रात्री वावरतं. आता वरची गोष्ट पुन्हा वाचा. रात्रभर टक्क जागं, कुणी आलं की आरडाओरडा. दिवसा मेल्यासारखी झोप. पासेकनं त्याला 'इमानी पहारेकरी' ठरवलं. खरं तर तो त्या जातीचा दिनक्रमच आहे. बेडकांचंही तेच. बेडूक त्यांच्या नेहमीच्या खाण्यात असतात. कथा रचणारा माणूस फक्त मोठमोठे मासे आणवेल, त्याला बेडूक सुचायचा नाही. लहानपणापासून हातावर वाढवलेलं पिल्लू एकाच माणसाला चिकटतं आणि बाकीच्यांना चावायला धावतं, हेही जुळतं. शिजवलेल्या अन्नाची सवय पिल्लाला कशी लावाल तशी लागते.

म्हणजे अर्थ लावताना चुकला असेल, पण बघितलं त्यानं नीट. माझ्या मते ही अभ्यासकाची नजर आहे.

दप्तरदार

पाणमांजर पाळून मासे धरायचे हा प्रकार पासेकनं शोधलेला नाही. स्वीडनच्या ओलाउस माग्नुसनं १५५५ च्या ग्रंथात अशा शिकवलेल्या पाणमांजरांबद्दल लिहून ठेवलंय, ती थेट आचाऱ्याला मासे आणून देतात म्हणून. बांगलादेशात नडाइलकडचे कोळी आजही त्यांच्याकडून मासे जाळ्याकडे हाकून घेतात.

राहता राहिलं 'निसर्ग अभ्यासक'. तसं कुणाला म्हणायचंच असेल तर पोलंडमध्ये पासेकच्या आधीची माणसं आहेत. मातेउश त्सिगान्स्की: १५८४ मध्ये क्राकोवला त्याचं पक्षी आणि ते धरण्याच्या युक्त्या यावरचं पुस्तक निघालं, त्यात पक्ष्यांवर पद्यं आहेत. यान ओस्त्रोरूग (१५६५-१६२२): पोझनानचा व्होयव्होदा, म्हणजे सुभेदाराच्या तोलाचा माणूस. यानं १६१८ मध्ये शिकारी कुत्र्यांवर ग्रंथ लिहिला. कुत्री निवडावी कशी, वाढवावी कशी, शिकवावी कशी, रानात सोडावी कशी. तलावातली मासेशेती तर पोलंडचा मोठा धंदा होता. तळी कशी बांधावीत यावर स्त्रुम्येन्स्कीचं पुस्तक १५७३ चं आहे.

या तिघांनी दुसऱ्याला शिकवण्यासाठी लिहिलं. पासेकनं मिरवण्यासाठी. फरक आहे.

रानभूल

एवढी मासेशेती कशासाठी? समुद्र होता की त्यांच्याकडे.

दप्तरदार

समुद्र उत्तरेला एका टोकाला. कॅथलिक देश, मांसबंदीचे दिवस वर्षात इतके की मासा हवाच. म्हणून गावोगाव तळी आणि तळ्यात कार्प. बीव्हर नावाच्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याचं शेपूट मासा समजून उपवासाला चालवून घ्यायचे.

कोल्हापुरी_रस्सा

म्हणजे शेपूट उपवासाला चालतं आणि बाकीचा बीव्हर चालत नाही! आमच्या आज्जीला हे कळलं असतं तर तिनं भगरीत काय काय घातलं असतं.

चहाबाज

साबुदाणा तरी कुठं आपला, तोही बाहेरूनच आला. चालायचंच.

माजघर

मंडळी, उपवासाचा वेगळा धागा काढा, पाया पडतो.

तळ्याकाठी

@दप्तरदार, मिरवण्यासाठी लिहिलं हे मान्य. पण ओस्त्रोरूगच्या ग्रंथात कुत्रा हे शिकारीचं हत्यार आहे. पासेकच्या पाणमांजराला आवडीनिवडी आहेत, राग आहे, वेळापत्रक आहे. एकाच प्राण्याचं इतकं जवळून केलेलं वर्णन त्या काळात कितीजणांनी लिहिलं असेल?

दप्तरदार

मुद्दा बरोबर. तरी अभ्यासकाला एका पाणमांजराकडून सगळ्या पाणमांजरांकडे जावंसं वाटतं. पासेकला तसं काडीचंही वाटत नाही. 'माझं' पाणमांजर कसं जगावेगळं आहे, एवढंच त्याला सांगायचंय.

बोरकरीण

वाचनखूण साठवली. बाकी माणूस कसा होता? बायकोबद्दल काही लिहिलंय का? की सगळं प्रेम पाणमांजरावरच?

माजघर

बायको विधवा होती, वयानं त्याच्याहून बरीच थोरली, आणि आधीच्या संसाराची मुलं पदरात. पासेकला मूल झालं नाही. त्याचा दोष त्यानं कुणाला द्यावा? बिछान्यात कुजक्या शवपेटीच्या लाकडाचे तुकडे सापडले म्हणे, तेव्हा घरातल्याच कुणीतरी करणी केली!

बोरकरीण

घ्या. सतराव्या शतकातलं पोलंड असो नाहीतर आमची गल्ली.

काळा_फत्तर

ज्या पाणमांजराच्या गोष्टीनं सगळे हळवे झालेत, तिचा शेवट धागाकर्त्यानं सांगितलाच नाही. मी पासेक इंग्रजीतून वाचलाय, म्हणून सांगतो.

त्या शिपायाचं काय झालं? पकडला गेला. राजा दिवसभर जेवला नाही, कुणाशी बोलला नाही. शिपायाला गोळ्या घालायचा हुकूम निघाला. पाद्री मध्ये पडले: देवानं मनाई केलेलं कृत्य नाही हे, आणि बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मग शिक्षा 'कमी' झाली. पलटणीच्या दोन रांगांमधून पळायचं आणि दोन्हीकडून छड्या खायच्या. त्यात तो गेला.

एका पाणमांजरापायी माणूस मेला, आणि पासेक ते सांगतो कसं? राजा किती दुःखी झाला याचा पुरावा म्हणून. शिपायाचं नावही नाही. लवाजम्यात मासे कोण साफ करत होतं त्यांचंही नाव नाही. त्याच्या जमिनीवर वेठीनं राबणाऱ्या कुळांना गाव सोडून जायची मुभा नव्हती. पाणमांजराला पार्सली मिळत होती. म्हणून 'निसर्गवेडा सरदार' हे शीर्षक मला खटकतं. अभ्यासक की नाही हा वाद फार पुढचा.

रानभूल

बापरे. हे माहीत नव्हतं.

शेलारमामा

काळा_फत्तर, आजच्या फूटपट्टीनं ३५० वर्षांपूर्वीचा माणूस मोजायचा का? तेव्हा युरोपभर सैन्यात हीच शिक्षा होती. शिवाय तो राजा म्हणजे व्हिएन्ना वाचवणारा सोब्येस्की, १६८३ मध्ये तुर्कांचा वेढा मोडून काढणारा. आणि एक गंमत बघा: सोब्येस्की राजा म्हणून निवडून आला मे १६७४ मध्ये, आणि रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक जून १६७४ मध्ये!

चहाबाज

आले! महाराज आले! बावीस प्रतिसाद तग धरला धाग्यानं, विक्रम आहे.

शेलारमामा

हलकेच घ्या. पण तारखा खऱ्या आहेत.

काळा_फत्तर

मामा, फूटपट्टी आजची नाही हो. पाद्री त्याच काळातले होते आणि त्यांना ते अन्याय्य वाटलं. पासेकनं स्वतःच तसं नोंदवलंय. ती फूटपट्टी तेव्हाही होती, राजवाड्यात होती.

शेलारमामा

हं. यावर उत्तर नाही. तूर्तास.

माजघर

काळा_फत्तर, शिपायाचा भाग लेखात आहे. इथं थांबलो कारण लोकांना आधी पाणमांजर हवं होतं. पण तुम्ही ज्या बाजूनं बघताय ती महत्त्वाची आहे, कारण पासेक रक्ताला सरावलेला माणूस. डेन्मार्कमधला एक प्रसंग सांगतो.

१६५८ चा नाताळ. कोल्डिंगचा किल्ला त्याच दिवशी हल्ला करून घेतला. लगेच मोकळ्यावर प्रार्थना. पाद्र्याला मदत करायला पासेक पुढं झाला, तर हात रक्तानं माखलेले. चार्न्येत्स्की म्हणाला, अरे बाबा, निदान हात तरी धू. पाद्री म्हणाला, राहू दे, देवाच्या नावानं सांडलेल्या रक्ताची देवाला किळस नसते. पासेकनं हे अभिमानानं लिहून ठेवलंय.

त्याच महिन्यात आल्स बेटावर जायला त्यांनी घोडे समुद्रात घातले. पिस्तुलं मानेमागं कॉलरमध्ये खोचलेली, दारूगोळ्याची पेटी गळ्यात बांधलेली, कडाक्याची थंडी. पोलंडच्या राष्ट्रगीतात समुद्र ओलांडून परतणारा चार्न्येत्स्की आहे ना, तो याच मोहिमेतला.

आणि जाता जाता हेही: डेन्मार्कचे लोक अंगावर कपडा न ठेवता झोपतात हे बघून त्याला मोठा धक्का बसला. लाज वाटत नाही का म्हणून त्यानं विचारलं. देवानं दिलेल्या अंगाची लाज कसली, असं उत्तर आलं. हेही त्यानं इमानेइतबारे नोंदवलंय.

बोरकरीण

उत्तर देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

मांडवीतीर

उशिरा आले. पोलिश निसर्ग अभ्यासक म्हटल्यावर आम्हां गोंयकारांना पासेक नाही, मिखाऊ बोइम आठवतो. यान पासेकपेक्षा एक पिढी थोरला. ल्वुव शहरातला, बाप राजवैद्य. जेझुइट होऊन १६४३ मध्ये लिस्बनहून निघाला, गोव्यावरून मकाव, पुढं चीन. तिकडं मिंग घराणं बुडत होतं. शेवटच्या मिंग दरबारानं याला पोपकडं मदतीची पत्रं देऊन पाठवलं. तर १६५१ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांनीच अडकवला! नव्या मांचू सत्तेशी वाकडं घ्यायचं नव्हतं त्यांना. नजरकैदेतून हा निसटला आणि पायी हैदराबादपर्यंत गेला. तिथून सुरत, इराण, तुर्कस्तान करत १६५२ च्या शेवटाला व्हेनिसला पोचला. तिथं चिनी अधिकाऱ्याच्या पोशाखात मिरवला.

१६५६ मध्ये व्हिएन्नात त्याचं वनस्पतींवरचं पुस्तक निघालं. नाव चीनच्या वनस्पतींचं, पण आत पपई, फणस, आंबा, काजू, अननस! युरोपातल्या लोकांना चित्रांसकट. आता सांगा, खरा अभ्यासक कोण?

चहाबाज

काजू असेल तर बोइम. माझं मत बोइमला.

शेलारमामा

पपई, काजू, अननस चीनचे? ही तर अमेरिकेतली झाडं.

मांडवीतीर

हो, पोर्तुगीजांनी इकडं आणली. बोइम आला तोवर पूर्वेत रुजली होती. त्यानं डोळ्यांनी पाहिली ती चितारली. मूळ कुठलं, हे त्या काळी कोण विचारत बसलं होतं?

दप्तरदार

बोइमवर स्वतंत्र धागा काढा, मांडवीतीर. इथं एका ओळीत उरकण्यासारखा विषय नाही.

कोल्हापुरी_रस्सा

पोलंड निघालंच आहे तर आमचं वळिवडे राहू नये. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहून गेले. चर्च होतं, शाळा होत्या. पोलंडहून अजून माणसं तिथं भेट द्यायला येतात.

माजघर

रस्सा, माझ्या इथल्या ओळखीतल्या काही वयस्कर लोकांना पुणे माहीत नाही, वळिवडे माहीत आहे.

सावंतवाडीकर

सगळे पाणमांजराच्या प्रेमात पडलात, म्हणून दुसरी बाजू. तिलारी खोऱ्यात आमच्याकडे पाणमांजरं आहेत. जाळी फाडतात, जाळ्यातले मासे पळवतात. ज्याचं जाळं फाटतं त्याला विचारा पार्सलीचं कौतुक. तो शिपाई मला समजतो. रात्री अंधारात असलं काही समोरून गेलं की शेतातला, नदीवरचा माणूस आधी काठी घेतो.

तळ्याकाठी

सावंतवाडीकर, खरं आहे. पोलंडमध्येही तळेवाल्यांच्या लेखी पाणमांजर चोरच होतं, आणि कातड्याला भाव होता. म्हणून तर शिपायाला आपण काही वावगं केलं असं वाटलंच नसणार. आणि रात्री बाहेर पडणं हा त्या प्राण्याचा स्वभावच. पासेकच्या घरी रात्री ते बिछान्यात असायचं कारण तिथं त्याचं माणूस होतं. परक्या जागी कोण थांबवणार?

काळा_फत्तर

हे चांगलं लिहिलंत. म्हणजे पासेकला ते रात्री जागतं हे पक्कं ठाऊक होतं. ती माहिती त्याच्याकडे 'इमानदारी' या नावाखाली पडून राहिली. अभ्यासकाकडे ती माहिती म्हणून राहिली असती.

दप्तरदार

अगदी. माझं म्हणणं यापेक्षा नेमकं मलाही मांडता आलं नसतं.

तळ्याकाठी

मी पूर्ण सहमत नाही. ती माहिती त्यानं लिहून ठेवली म्हणूनच आज आपल्याला तिचा वेगळा अर्थ लावता येतोय. निरीक्षक म्हणा. अभ्यासक नको, वेडा तर नकोच.

रानभूल

'निरीक्षक' ऐकलं की शाळा तपासायला आल्यासारखं वाटतं हो.

शेलारमामा

त्याच्या आठवणी एवढ्या गाजल्या कशामुळे? नुसत्या पाणमांजरामुळे तर नसणार.

माजघर

बोलीमुळे, मामा. बैठकीत ग्लास हातात घेऊन सांगावं तसं लिहितो, मध्येच लॅटिनची फोडणी. छापून आल्यावर कवी मित्स्क्येविचनं पॅरिसमध्ये त्यावर व्याख्यानं दिली. श्येन्क्येविचनं आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी त्यातून भाषा उचलली. बखर वाचतो तशी वाचावी. तारखांवर विसंबू नये, सुरावर विसंबावं.

आणि शेवटचा काळ तर बघा. शेजाऱ्यांशी मारामाऱ्या, कर्ज, मक्त्याचे तंटे, कोर्टाच्या पायऱ्या. १७०० मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली. अंमलात यायच्या आधीच १७०१ मध्ये न्येजेलिस्का गावी वारला.

बोरकरीण

मग आठवणींत या खटल्यांबद्दल काय लिहिलंय?

माजघर

जिथं येतात तिथं हा निरपराध आणि समोरचा लबाड. :)

तर मंडळी, सगळ्यांचं ऐकून शीर्षक बदललं: 'यान पासेक: तलवार, खटले आणि एक पाणमांजर'. शिपाई शेवटून उचलून लेखाच्या मध्यावर आणला, म्हणजे वाचक पाणमांजरावर खूश होऊन पान उलटणार नाही. बेडूक आणि रात्रीचं जागणं तळ्याकाठींच्या नावानं घालतो, चालेल ना? ओस्त्रोरूग आणि त्सिगान्स्की एका परिच्छेदात. आत्ताच संपादकांचा फोन आला. म्हणतात, दिवाळीचा अंक आहे, शीर्षकातून 'खटले' काढा.

तळ्याकाठी

चालेल, पण खऱ्या नावानं नको, याच नावानं घाला.

काळा_फत्तर

खटले काढू नका. निम्मं आयुष्य गेलंय त्याचं त्यात. फारच अडलं तर 'तलवार' काढा.

चहाबाज

पाणमांजर काढलंत तर मात्र वर्गणी परत मागू.